हरित अमोनियाची पार्श्वभूमी: धरणाच्या विजेपासून जहाजाच्या इंजिनापर्यंत

सौर-पवनसारख्या स्वच्छ विजेवर बनवलेल्या अमोनियाला आज हरित अमोनिया म्हणतात. पण विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन काढायचा आणि त्याचा अमोनिया बनवायचा, हा धंदा चांगला जुना आहे. नॉर्वेत वेमोर्क इथे नॉर्स्क हायड्रो कंपनीचा असा कारखाना 1929 मध्ये सुरू झाला. 1960च्या दशकात इजिप्तमध्ये अस्वानला आणि भारतात भाक्राच्या विजेवर नांगलला असेच खतकारखाने चालत होते. ते मागे पडले यात तंत्राचा दोष नव्हता. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन स्वस्तात निघू लागला, सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसरवर (वेगाने फिरणाऱ्या चक्रांनी वायू दाबणाऱ्या यंत्रांवर) दिवसाला शेकडो टन काढणारे कारखाने आले आणि विजेचं गणित जुळेना. वेमोर्क 1971 मध्ये बंद झालं.

संश्लेषणाचं, म्हणजे हायड्रोजन आणि नायट्रोजन जोडून अमोनिया बनवण्याचं, मूळ त्याच्याही आधीचं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये प्रयोगशाळेत अमोनिया थेंबाथेंबाने मिळवला. बीएएसएफ या जर्मन कंपनीतल्या कार्ल बॉश यांना तो टनांनी काढायचा होता. त्यांच्या पहिल्या पोलादी नळ्या 80 तासांतच फुटल्या, कारण उच्च दाबाचा, तापलेला हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन खात होता. तोडगा साधा निघाला: आत मऊ लोखंडाचं अस्तर, बाहेर दाब पेलणारं पोलाद आणि त्या पोलादाला बारीक छिद्रं, म्हणजे अस्तरातून झिरपलेला वायू निघून जाईल. 1913 मध्ये जर्मनीतल्या ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला. लोखंडाच्या उत्प्रेरकावरून एका फेरीत 15 ते 20 टक्केच वायूचा अमोनिया होतो. उरलेला पुन्हा फिरवावा लागतो. हे आजही तसंच आहे.

एक टन अमोनियाला सुमारे 178 किलो हायड्रोजन आणि 822 किलो नायट्रोजन लागतो. वीज साधारण 9 ते 10 हजार युनिट, आणि तिचा बहुतेक भाग इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाण्याचं विघटन करणारं यंत्रच खातं. धरणाची वीज एकसारखी मिळे. सौर आणि पवनवीज तशी मिळत नाही. खरी नवी अडचण इथेच आहे. अल्कलाइन (क्षारीय द्रावणावर चालणाऱ्या) इलेक्ट्रोलायझरवरचा विजेचा भार फार उतरला की दोन्ही वायू वेगळे ठेवणाऱ्या पडद्यापलीकडच्या ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन मिसळू लागतो. तो 4 टक्क्यांवर गेला की मिश्रण पेट घेऊ शकतं, म्हणून यंत्रणा त्याच्या बरीच आधी बंद पडते. संश्लेषणाच्या रिअ‍ॅक्टरलाही वारंवार तापणं-थंडावणं मानवत नाही. म्हणून मध्ये हायड्रोजनचा साठा ठेवतात. हायड्रोजनमध्ये राहिलेला ऑक्सिजनही आधी काढावाच लागतो. तो लोखंडी उत्प्रेरकाला विषासारखा आहे.

वाहतूक त्या मानाने सोपी. वातावरणीय दाबाला अमोनिया उणे 33 अंशांवर द्रव होतो, हायड्रोजनला मात्र उणे 253 अंश लागतात. शिवाय एक घनमीटर द्रव अमोनियात सुमारे 120 किलो हायड्रोजन मावतो, द्रव हायड्रोजनमध्ये 71 किलो. पथ्यं मात्र पाळायची: तांब्या-पितळेचे जोड चालत नाहीत, आणि टाकीत हवा राहिली तर पोलादाला ताणाखाली भेगा पडतात. त्यावर उपाय म्हणून अमोनियात 0.2 टक्के पाणी मिसळतात.

इंधन म्हणून अमोनियाची चाचणीही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. डिझेलटंचाईत बेल्जियममधल्या बस अमोनियावर धावल्या, पण जोडीला कोळशाचा वायू होता. अमोनियाची ज्वाला सेकंदाला जेमतेम 7 सेंटीमीटर सरकते, मिथेनची त्याच्या पाचपट. पेटवायला कोणीतरी सोबती लागतोच. आजच्या जहाजी इंजिनांत ते काम थोडं डिझेल करतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने अमोनिया इंधनासाठी अंतरिम मार्गदर्शक सूचना मंजूर केल्या त्या डिसेंबर 2024 मध्ये. त्यांचा रोख मुख्यतः विषारी गळतीवर आहे आणि ते रास्तच, कारण हवेत 300 पीपीएम (दहा लाखात 300 भाग) अमोनियाही जिवावर बेतू शकतो.

धुराड्यातून निघणाऱ्या वायूंकडे मात्र कमी लक्ष जातं. नायट्रोजन ऑक्साइड अमोनियाच वापरून उत्प्रेरकावर आवरता येतात. नायट्रस ऑक्साइड हा वेगळा वायू तसा आवरत नाही, आणि 100 वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता कोंडण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट आहे. एक किलो अमोनियाइतकी ऊर्जा डिझेलमधून घेतली तर साधारण 1.4 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे किलोमागे फक्त 5 ग्रॅम नायट्रस ऑक्साइड निसटला, तरी सगळा फायदा गेला. इंजिन कमी भारावर, थंड ज्वलनात चालतं तेव्हा तो निसटण्याची भीती जास्त, आणि बंदरात शिरताना इंजिन नेमकं तसंच चालतं.