सुई कधी टोचायची, हे कोण ठरवणार? मुष्टियुद्धातल्या अचानक रक्तचाचणीची पार्श्वभूमी

डिसेंबर 2009 मध्ये फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ या दोन नामवंत मुष्टियोद्ध्यांची लढत जवळपास ठरली होती. 13 मार्च 2010 ही तारीख धरली होती, ठिकाण लास वेगास. पैशांची वाटणी निम्मी-निम्मी, हेही मान्य झालं होतं. व्यावसायिक मुष्टियुद्धात एवढं जमलं की बाकीच्या गोष्टी सहसा अडत नाहीत. पण मेवेदरच्या गोटातून एक अट आली: दोघांचीही ऑलिंपिकच्या धर्तीवर, कधीही, न कळवता रक्ताची आणि लघवीची चाचणी व्हावी आणि ती अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘यूसाडा’ने करावी. लढत या अटीवर फिसकटली. आज मोठ्या लढतींच्या करारात रक्तचाचणीचं कलम असतं, ते या भांडणातून आलेलं आहे. त्या कलमाच्या न्याय्यतेवर जे वाद होतात, तेही इथूनच सुरू होतात.

लास वेगास ज्या राज्यात येतं, त्या नेवाडाच्या क्रीडा आयोगाचा भर तेव्हा लघवीच्या चाचणीवर होता आणि ती प्रामुख्याने लढतीच्या रात्रीच व्हायची. ती किती अपुरी आहे, याचा पुरावा सहा वर्षं आधीच मिळाला होता. सप्टेंबर 2003 मध्ये शेन मोस्लीने ऑस्कर दे ला होयाला गुणांवर हरवलं. तिन्ही पंचांनी 115-113 असेच गुण दिले, इतकी ती लढत अटीतटीची होती. मोस्ली त्या रात्रीच्या चाचणीत निर्दोष ठरला. पुढे खेळाडूंना उत्तेजकं पुरवणाऱ्या ‘बाल्को’ या कॅलिफोर्नियातल्या कंपनीची चौकशी झाली. त्या लढतीआधी आपण ईपीओ आणि बाल्कोची स्टेरॉइड्स घेतली होती, हे त्याने ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, कबूल केलं. ती काय आहेत हे माहीत नव्हतं, असं त्याचं म्हणणं. ईपीओने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, दम लवकर लागत नाही. बाराव्या फेरीतही हात खाली येत नाहीत. समोरचा थकलेला असताना हे हात चालत राहिले तर ठोसे कुठे बसतात, हे वेगळं सांगायला नको. सायकलिंगमध्ये उत्तेजक घेणारा दुसऱ्याचं पदक हिरावतो. रिंगमध्ये त्याच औषधाने दुसऱ्याच्या मेंदूला इजा होते. म्हणून माझ्या लेखी रक्त तपासावं की नाही हा प्रश्न उरतच नाही.

पॅकियाओवर मात्र कुठलाही पुरावा नव्हता, आणि हे नीट लक्षात ठेवायला हवं. त्याच्याविरुद्ध काय होतं? त्याची वाटचाल. 1995 मध्ये 106 पौंडांवर, म्हणजे सुमारे 48 किलोंवर सुरुवात केलेला हा फिलिपिनो मुलगा नोव्हेंबर 2009 मध्ये 145 पौंडांवर मिगेल कोट्टोला हरवून वेल्टरवेट या वजनगटाचा विजेता झाला होता. एवढ्यावरून मेवेदरच्या गोटाने जाहीर संशय घेतला. पॅकियाओने बदनामीचा दावा ठोकला, तो 2012 मध्ये आपसात मिटला. तो कोणत्याही चाचणीत कधी सापडलेला नव्हता.

त्याने चाचणीला सरसकट नकार दिला होता, असं आजही लिहिलं जातं. ते खरं नाही. लघवीची चाचणी त्याला कधीही चालणार होती. रक्तही तो द्यायला तयार होता: लढतीची घोषणा होताना, लढतीच्या तीस दिवस आधी आणि लढत संपल्यावर लगेच. लढत तोंडावर आली असताना रक्त काढू नये, एवढंच त्याचं म्हणणं. मार्च 2005 मध्ये एरिक मोरालेसकडून तो हरला, त्याआधी रक्त काढल्याने अशक्तपणा आला होता, असं तो सांगे. वैद्यकीयदृष्ट्या यात फारसा दम नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं आणि चाचणीला लागतात एक-दोन छोट्या नळ्या. पण वजन उतरवून आणलेल्या, शेवटच्या दहा दिवसांत झोपेपासून जेवणापर्यंत सगळं मोजून करणाऱ्या खेळाडूच्या मनात काय बसतं, त्यालाही वजन असतं.

जानेवारी 2010 मध्ये निवृत्त न्यायाधीश डॅनियल वाइनस्टीन यांच्यापुढे मध्यस्थी झाली. पॅकियाओची बाजू 24 दिवसांवर आली: लढतीआधीच्या 24 दिवसांत रक्त काढायचं नाही. मेवेदरची बाजू 14 दिवसांवर उतरली. मधल्या दहा दिवसांवर सगळं अडलं. हे दहा दिवस क्षुल्लक नव्हते. बाहेरून घेतलेलं वाढीचं संप्रेरक, म्हणजे एचजीएच, लघवीत सापडत नाही. त्यासाठी रक्तच लागतं, आणि रक्तातही त्याची खूण एक-दोन दिवसांत पुसली जाते. म्हणजे ‘अमुक दिवसानंतर रक्त नाही’ असं आधीच ठरलं, की तेवढ्या दिवसांपुरतं दार उघडं राहतं. मेवेदरचा मुद्दा शास्त्राच्या बाजूने होता. पण तो ज्या एचजीएचच्या चाचणीचा आग्रह धरत होता, तिने तोवर जगात एकाही खेळाडूला पकडलेलं नव्हतं. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकपासून ती वापरात होती, तरी तिच्या आधारे पहिली बंदी फेब्रुवारी 2010 मध्ये जाहीर झाली, एका ब्रिटिश रग्बीपटूवर. शिवाय नियम करायचा अधिकार आयोगाचा असताना एक खेळाडू दुसऱ्याला शुद्धतेची अट घालतो, ही गोष्ट मला तेव्हाही खटकली होती, आजही खटकते.

लढत मोडली. 13 मार्चला पॅकियाओ टेक्सासमध्ये जोशुआ क्लॉटीशी लढला, आणि 1 मे 2010 ला मेवेदरसमोर उभा राहिला तोच शेन मोस्ली. ‘यूसाडा’च्या अचानक रक्तचाचण्यांखाली झालेली मुष्टियुद्धातली ही पहिली मोठी लढत.

चाचणी करणारा कर्मचारी न कळवता सरावाच्या जागी किंवा घरी येतो. नुकताच घाम गाळला असेल तर थोडं थांबतो, खेळाडूला स्वस्थ बसवतो. समोरच्या बंद संचांतून खेळाडूने स्वतः एक निवडायचा, क्रमांक जुळतात का ते पाहायचं. रक्त दोन भागांत घेतात, ‘ए’ आणि ‘बी’. दोन्ही त्याच्यासमोरच सीलबंद होतात, म्हणजे ‘ए’त काही निघालंच तर ‘बी’ उघडून पुन्हा तपासता येतं. या पद्धतीत खेळाडूला संरक्षण आहे. खोट येते ती प्रयोगशाळेतून अहवाल आल्यावर.

2011 मध्ये मार्गारेट गुडमन यांनी ‘व्हाडा’ स्थापन केली. नेवाडात रिंगच्या कडेला डॉक्टर म्हणून बसणाऱ्या बाईंनी काढलेली, नावातच ‘ऐच्छिक’ असलेली उत्तेजकविरोधी चाचणी संस्था. दुसऱ्याच वर्षी तिच्या चाचणीत आंद्रे बर्टो आणि लॅमॉन्ट पीटरसन सापडले आणि दोघांच्याही लढती रद्द झाल्या. पण त्याच 2012 च्या ऑक्टोबरमध्ये ‘यूसाडा’च्या चाचणीत मोरालेस क्लेनब्युटेरॉल या बंदी असलेल्या औषधासाठी सापडला. अहवाल लढतीआधीच आला होता, तरी ब्रुकलिनमध्ये डॅनी गार्सियाशी त्याची लढत झालीच. पुढे त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. चाचणी अचानक होती, रीतसर होती. अहवाल आल्यावर कोणी काय करायचं, एवढंच कुठे बांधून ठेवलेलं नव्हतं.

मेवेदर आणि पॅकियाओ अखेर 2 मे 2015 ला भिडले. अचानक चाचण्या दोघांनाही लागू होत्या. आदल्या दिवशी वजन झाल्यावर मेवेदरने घरी शिरेतून सलाइन आणि जीवनसत्त्वं घेतली, एकूण 750 मिलिलिटर. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेप्रमाणे तेव्हा सहा तासांत 50 मिलिलिटरहून जास्त द्रव शिरेतून घ्यायला मनाई होती, कारण त्याने नमुना पातळ होतो आणि रक्तातले आकडे बदलतात. ‘यूसाडा’ने वैद्यकीय सवलत दिली, ती लढत होऊन जवळपास तीन आठवड्यांनी, आणि नेवाडाच्या आयोगाला त्यानंतर कळवलं. सगळं नियमात बसतं, अशी ‘यूसाडा’ची भूमिका राहिली. लढतीच्या रात्री पॅकियाओला मात्र दुखऱ्या खांद्यासाठी वेदनाशामक टोराडॉल हवं होतं. ‘यूसाडा’ची त्याला हरकत नव्हती. आयोगाने ते नाकारलं, कारण दुखापत आधी कळवली नव्हती. एकच लढत, दोन यंत्रणा: एकाला मागाहून परवानगी, दुसऱ्याला जागेवर नकार. आयोगाने नियमावर बोट ठेवलं यात चूक नाही, पण मग मेवेदरचं सलाइनही आयोगाला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

त्यानंतर जाळं दाट झालं. 2016 पासून ‘डब्ल्यूबीसी’ने, म्हणजे विजेतेपदं देणाऱ्या जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने, आपल्या क्रमवारीतल्या खेळाडूंसाठी ‘व्हाडा’चा कार्यक्रम आणला. 2019 मध्ये अँथनी जोशुआशी लढत ठरलेला जॅरेल मिलर ईपीओ, एचजीएच आणि जीडब्ल्यू1516 अशा तीन बंदी असलेल्या औषधांसाठी सापडला. जोशुआसमोर तो उभा राहिलाच नाही. नुसत्या रात्रीच्या लघवीवर भिस्त असती, तर तो 1 जूनला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उतरला असता.

त्याच वर्षी जुलैत लंडनमध्ये डिलियन व्हाइटच्या नमुन्यात संशयास्पद अंश आढळला. लढतीच्याच दिवशी सुनावणी होऊन त्याला खेळायची मुभा मिळाली. समोरच्या ऑस्कर रिव्हासला यातलं काही सांगितलं गेलं नाही. डिसेंबरमध्ये व्हाइट निर्दोष ठरला, हे त्याच्यासाठी योग्यच झालं. पण रिव्हासला रिंगमध्ये उतरायचं की नाही, हे ठरवायचा हक्क होता आणि तो त्याला मिळाला नाही.

एप्रिल 2024 मध्ये ब्रुकलिनमध्ये रायन गार्सियाने डेव्हिन हेनीला तीनदा खाली पाडलं. ‘व्हाडा’ने नमुने आदल्या दिवशी आणि लढतीच्या दिवशी घेतले होते. त्यात ऑस्टरीन हे बंदी असलेलं औषध निघालं, पण अहवाल आला तो लढत होऊन गेल्यावर. न्यूयॉर्कच्या आयोगाने निकाल रद्द केला, गार्सियावर एक वर्षाची बंदी घातली आणि त्याचं मानधन जप्त केलं. हेनीच्या नावापुढची हार पुसली गेली. खाल्लेले ठोसे परत करायची तरतूद कुठल्याही करारात नाही, आणि नमुना घेतल्यापासून किती तासांत अहवाल यायला हवा, याचा सगळ्या आयोगांना बांधील असा नियम आजही झालेला नाही.