टाउन मीटिंग (न्यू इंग्लंड)

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात, म्हणजे मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि कनेक्टिकट या सहा राज्यांत, स्थानिक कारभारासाठी भरणारी मतदारांची सभा. टाउनचं बजेट, स्थानिक नियम (तिकडे बायलॉ), कुठल्या भागात काय बांधता येईल त्याचे झोन, हे बऱ्याच टाउनमध्ये नगरसेवकांचं मंडळ ठरवत नाही, सभा ठरवते. टाउन म्हटलं की चर्च आणि चार घरांचं खेडं डोळ्यासमोर येतं, पण बॉस्टनला खेटून असलेली दाट वस्तीची उपनगरंसुद्धा कायद्याच्या भाषेत टाउनच आहेत आणि आज या सभेचा खरा कस लागतो तो तिथेच. आपल्या ग्रामसभेशी तुलना हमखास होते, ती वरवर ठीक आहे, त्यापुढे फार ताणू नये.

उगमाबद्दल मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. सर्वात आधीची सभा कोणाची यावर मॅसॅच्युसेट्समधल्या डॉर्चेस्टर आणि केंब्रिज (तेव्हाचं न्यूटाउन) या दोघांचा दावा सांगतात. न्यूटाउनच्या दप्तरात डिसेंबर १६३२ चा ठराव आहे, महिन्यातून एका सोमवारी घंटा वाजली की सभागृहात जमायचं, गैरहजर राहिलं तर बारा पेन्स दंड. डॉर्चेस्टरचा ठराव ८ ऑक्टोबर १६३३ चा, त्यात सोमवारी सकाळी आठला ढोल वाजला की रहिवाशांनी यायचं आणि निवडलेल्या बारा जणांनी कामकाज बघायचं असं आहे. तारखेनं न्यूटाउन आधीचं दिसतं, पण तो एकमेकांत केलेला करार वाटतो आणि डॉर्चेस्टरचा ठराव कारभाराची घडी बसवतो, म्हणून बरेच जण डॉर्चेस्टरला झुकतं माप देतात. चार्ल्सटाउननं अकरा जणांचं मंडळ (पुढे ज्यांना सिलेक्टमेन म्हटलं गेलं) नेमलं ते फेब्रुवारीत, पण साल १६३४ की १६३५ हे तुम्ही कुठलं कॅलेंडर धरता त्यावर आहे, कारण तेव्हा इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, आणि म्हणूनच जुन्या पुस्तकांत ही तारीख दोन्ही सालांनी सापडते. टाउनना जमीन वाटायचा, नियम करायचा, रस्त्यांचे पाहणीदार वगैरे नेमायचा अधिकार मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या जनरल कोर्टानं (म्हणजे विधिमंडळानं) मार्च १६३६ मध्ये (जुन्या हिशोबानं १६३५) दिला. म्हणजे सभा आधी भरायला लागल्या आणि कायदा मागून आला, हा क्रम लक्षात ठेवायला हवा.

ही पद्धत आली कुठून, यावर १८८० च्या दशकात जोरदार वाद झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे हर्बर्ट बॅक्स्टर ॲडम्स म्हणाले की ही प्राचीन जर्मन टोळ्यांची ग्रामव्यवस्था, इंग्लंडमार्गे अमेरिकेत पोचली. एडवर्ड चॅनिंग यांनी इतकं मागे जायची गरज नाही म्हणत इंग्लिश पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या) व्हेस्ट्री नावाच्या सभेकडे बोट दाखवलं. चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स (धाकटे) यांचा तिसराच रोख, की मॅसॅच्युसेट्स बे ही वसाहत मुळात सनद घेतलेली कंपनी होती आणि टाउन त्याच साच्यातून निघाली, रहिवासी म्हणजे भागधारक आणि सिलेक्टमेन म्हणजे संचालक. जर्मन उगमाची थिअरी आता कोणी फारशी धरत नाही. १९६३ मध्ये समनर चिल्टन पॉवेल यांनी सडबरी या एकाच टाउनचे कागद धरून तिथले लोक इंग्लंडमधल्या कुठल्या कुठल्या गावांतून आले ते शोधलं, तर कोणी सामायिक शेतांच्या खेड्यातलं, कोणी बाजारपेठेच्या बरोमधलं (सनदी शहरातलं), कोणी ईस्ट अँग्लियातलं, म्हणजे एकच मूळ सापडणं अवघडच. हे सरमिसळीचं उत्तर त्यातल्या त्यात पटणारं आहे. केनेथ लॉकरिज आणि ॲलन क्रायडर यांनी १९६६ मध्ये आणखी एक मुद्दा काढला, सुरुवातीच्या काळात खरी सत्ता सिलेक्टमेनच्या हातात होती आणि सभा जोरात आली ती पुढे. शुद्ध लोकशाहीचा पाळणा वगैरे वर्णनं त्यामुळे जरा जपूनच घ्यावीत.

१७७४ च्या मॅसॅच्युसेट्स गव्हर्नमेंट ॲक्टनं वार्षिक सभा सोडून बाकीच्या सभांना गव्हर्नरची परवानगी लागेल असं ठरवलं, तर बॉस्टननं पळवाट काढली, आधीच बोलावलेली सभा संपवायचीच नाही, तहकूब करत न्यायची. जेफरसननी १८१६ मध्ये या टाउनशिपची तोंडभरून स्तुती केली, आणि त्याच वर्षी हेही लिहिलं की आपण राष्ट्राध्यक्ष असतानाच्या व्यापारबंदीच्या काळात या टाउनच्या विरोधानं सरकारचा पाया पायाखाली हलतोय असं वाटलं. वस्ती वाढल्यावर बॉस्टननं १८२२ मध्ये टाउन मीटिंग सोडून सिटीचा, म्हणजे महापौर आणि निवडलेल्या मंडळाचा, कारभार घेतला.

उपनगरांच्या दृष्टीनं महत्त्वाचं नाव ब्रुकलाइन. बॉस्टननं बराचसा वेढलेल्या या टाउननं १८७३ मध्ये बॉस्टनमध्ये विलीन व्हायला नकार दिला, पण सगळे मतदार एका हॉलमध्ये मावेनात, म्हणून १९१५ मध्ये प्रातिनिधिक टाउन मीटिंग आली. म्हणजे प्रिसिंक्टवार (प्रिसिंक्ट म्हणजे वॉर्डासारखा मतदार विभाग) निवडलेले सदस्य (ब्रुकलाइनमध्ये दर प्रिसिंक्टला १५) मत देतात. मॅसॅच्युसेट्समध्ये ६,००० पेक्षा कमी लोकसंख्या असेल तर हा प्रकार घेता येत नाही आणि १२,००० च्या खाली सिटी होता येत नाही. उलट मर्यादा मात्र नाही, फ्रेमिंगहॅम कितीतरी मोठं होऊनही टाउनच राहिलं होतं, सिटी झालं १ जानेवारी २०१८ ला.

मॅसॅच्युसेट्समध्ये सगळं फिरतं वॉरंटभोवती. वॉरंट म्हणजे सभेची नोटीस आणि अजेंडा एकत्र, वार्षिक सभेसाठी निदान ७ दिवस आणि विशेष सभेसाठी १४ दिवस आधी लावावी लागते आणि जे वॉरंटमध्ये नाही त्यावर मत घेता येत नाही. वार्षिक सभेच्या वॉरंटमध्ये फक्त १० मतदारांच्या सह्यांनी विषय घुसवता येतो, विशेष सभेच्या वॉरंटला १०० सह्या किंवा १० टक्के मतदार, जे कमी असेल ते, आणि विशेष सभाच बोलवायला लावायची तर २०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या २० टक्के, जे कमी असेल ते. सभा चालवतो मॉडरेटर, म्हणजे सभेचा अध्यक्ष. आवाजी मत झालं, त्यानं "मंजूर" जाहीर केलं आणि लगेच सात मतदारांनी शंका घेतली की मोजणी करावीच लागते (टाउननं स्वतःच्या बायलॉमध्ये वेगळं काही ठरवलं असेल तर गोष्ट निराळी), मग कार्ड वर करा, टेलर (मतं मोजणारे) रांगारांगांतून मोजत फिरणार, हल्ली बऱ्याच ठिकाणी क्लिकर (बटण दाबून मत द्यायचं यंत्र). दंगा करणाऱ्याला मॉडरेटर कॉन्स्टेबलकरवी बाहेर काढू शकतो.

उपस्थितीचा अभ्यास नीट झालाय तो व्हरमाँटचा. तिथे मार्चचा पहिला मंगळवार टाउन मीटिंग डे असतो. फ्रँक ब्रायन यांनी १९७० ते १९९८ मधल्या पंधराशेच्या आसपास सभा मोजल्या, सरासरी पाचातला एक मतदार यायचा आणि टाउन जितकं मोठं तितकी हजेरी कमी. उपनगरांत तर ठरावीक चेहरे, त्यात एखादा शाळेच्या इमारतीचा किंवा कर वाढवायचा विषय आला की हॉल भरतो, तो विषय संपला की अर्धे उठून घरी. करवाढीचं अंतिम उत्तर तसंही सभेच्या हातात नसतं, मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० च्या प्रपोझिशन अडीच या कायद्यानं मालमत्ता करावर घातलेली मर्यादा ओलांडायला मतपेटीतून वेगळी मंजुरी लागते.

सभेचा निर्णय शेवटचा नसतो, हे अलीकडच्या प्रकरणांत दिसतं. ब्रुकलाइननं २०१९ मध्ये नव्या इमारतींत गॅस आणि तेलाच्या पायपांना बंदी घातली, ती राज्याच्या ॲटर्नी जनरलनी (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी) २०२० मध्ये फेटाळली. १ जानेवारी २००० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तंबाखू विकायची नाही हा २०२० चा बायलॉ मात्र राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये उचलून धरला. बॉस्टनशेजारच्या मिल्टनमध्ये उलटंच, रेल्वेजवळच्या टाउननी जास्त घरांचा झोन करावा या २०२१ च्या राज्य कायद्यानुसार प्रातिनिधिक सभेनं डिसेंबर २०२३ मध्ये आराखडा मंजूर केला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदारांनी सार्वमत घेऊन तो पाडला. प्रकरण कोर्टात गेलं, जानेवारी २०२५ मध्ये कायदा वैध पण त्याची मार्गदर्शक तत्त्वं नीट प्रक्रियेनं केलेली नाहीत असा निकाल आला.

न्यू हॅम्पशायरमध्ये १९९५ पासून टाउनना आणखी एक पर्याय आहे, सभेत फक्त चर्चा आणि दुरुस्त्या, मत नंतर मतपत्रिकेवर. कनेक्टिकटमध्येही बजेट अनेकदा सभेतून सार्वमताकडे जातं.