वे चा रे : क्लॅक्सन्सच्या पहिल्या अल्बममागची गोष्ट

क्लॅक्सन्सचा ‘मिथ्स ऑफ द निअर फ्यूचर’ 29 जानेवारी 2007 रोजी आला आणि ब्रिटनच्या अल्बम तक्त्यात थेट दुसऱ्या क्रमांकावर गेला. तोवर या बँडवर एक शिक्का बसून वर्ष होत आलं होतं : ‘न्यू रेव्ह’, म्हणजे रेव्ह पार्ट्यांच्या संगीताचा नवा अवतार. अल्बमबद्दल आजही बोलायचं तर आधी हा शिक्का खरवडावा लागतो.

बँड 2005 मधला, दक्षिण लंडनमधल्या न्यू क्रॉस भागातला. क्लॅक्सन म्हणजे भोंगा. सुरुवातीचं नाव याहून लांब होतं, ‘क्लॅक्सन्स (नॉट सेंटॉर्स)’. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यंत्र आणि वेग यांचे गोडवे गाणाऱ्या इटालियन भविष्यवादी कलावंतांच्या लेखनातून उचललेलं. 2006 च्या वसंतात त्याच भागातल्या एका छोट्या लेबलने त्यांची पहिली सिंगल काढली, अवघ्या 500 प्रती. ‘न्यू रेव्ह’ हा शब्दही या लेबलच्या संस्थापकाचाच. ‘न्यू वेव्ह’ या जुन्या रॉक-प्रवाहाच्या नावातल्या ‘वे’चा ‘रे’ केला, एवढीच मूळ कोटी. लंडनच्या एका जुन्या संगीत साप्ताहिकाने ती उचलली आणि तिची चळवळ करून टाकली. 2007 च्या सुरुवातीला त्याच साप्ताहिकाच्या नावाने ‘इंडी रेव्ह’ दौरा निघाला. प्रेक्षक निऑन रंगाचे कपडे घालून, हातात चमकत्या कांड्या घेऊन येऊ लागले. बँडच्या बासवादकाने पुढे सांगून टाकलं की अस्तित्वातच नसलेल्या गोष्टीवर माध्यमांना बोलायला लावायचं, ही यातली गंमत होती. गंमत फारच यशस्वी झाली, आणि तिची किंमत माध्यमांनी नव्हे, बँडने मोजली.

खऱ्या ‘रेव्ह’ला ब्रिटनमध्ये कायद्याची व्याख्या आहे. 1988 च्या उन्हाळ्यापासून गोदामांत आणि शेतांत रात्र-रात्र चाललेली नाचगाणी 1992 मध्ये कॅसलमॉर्टनच्या माळावर हजारोंच्या गर्दीपर्यंत पोचली, आणि 1994 च्या फौजदारी कायद्यात त्यांच्यासाठी खास कलम आलं : उघड्यावर, रात्री, शंभर किंवा अधिक लोक आणि मोठ्या आवाजात लावलेलं संगीत. ‘संगीत’ या शब्दात ठेक्यांची सलग पुनरावृत्ती हेच ज्याचं मुख्य लक्षण आहे असा आवाजही धरावा, असा खुलासा सोबत होता. (2003 मध्ये शंभराचे वीस झाले.) आपल्याकडे हा शब्द छाप्यांच्या बातम्यांतून आला. हा अल्बम दुकानात येऊन जेमतेम महिना झाला होता, तेव्हा मार्च 2007 मध्ये पुणे पोलिसांनी सिंहगडाच्या पायथ्याशी अडीचशेहून जास्त तरुणांना ताब्यात घेतलं. मराठी वृत्तपत्रांत ‘रेव्ह पार्टी’ हा जोडशब्द तेव्हा घट्ट बसला. त्या अर्थाने पाहिलं तर क्लॅक्सन्स म्हणजे तिकीट काढून पाहायचा गिटारवाला बँड.

तबकडी ऐकली की हे लगेच कळतं. 11 गाणी; करकरीत बास, खरे ड्रम, आणि उंच पट्टीत एकमेकांना लगटून चालणारे दोन आवाज. ‘अटलांटिस टू इंटरझोन’च्या सुरुवातीला सायरन वाजतो, तिथे रेव्हची चाहूल लागते. ‘गोल्डन स्कॅन्स’ हे नाव रेव्हमधल्या फिरत्या दिव्यांवरून आलेलं असलं तरी गाणं जवळजवळ समूहगानाच्या अंगाने जातं. निर्माता स्वतः इलेक्ट्रॉनिक जोडीतला असूनही त्याने गिटार दाबलेली नाही. शीर्षक 1982 च्या एका इंग्रजी विज्ञानकथासंग्रहाचं. शब्दांत पुराणं, प्रलय, गूढविद्या. नाचगाण्याचा उल्लेख शोधावा लागतो.

रेव्हची दोन जुनी गाणी बँडने नव्याने केली होती. त्यातलं ‘द बाउन्सर’, 1992 चं अस्सल गोदामी गाणं, अल्बममध्ये घेतलंच नाही. माझ्या मते शिक्क्याला दिलेलं सर्वांत स्पष्ट उत्तर हेच. घेतलं ते 1995 चं ‘नॉट ओव्हर येट’ (इथे ‘इट्स नॉट ओव्हर येट’), म्हणजे दोहोंतलं जास्त गोड, जास्त सुरेल. मूळ गाण्यामागचा डीजे तोच, ज्याने डिसेंबर 1994 मध्ये ब्रिटनच्या सार्वजनिक रेडिओवर दोन तासांचा ‘गोवा मिक्स’ वाजवला होता. हणजुणच्या किनाऱ्यावर पिकलेला ट्रान्स, म्हणजे गुंगवणाऱ्या ठेक्याचं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत, अशा वळणाने न्यू क्रॉसच्या गिटारींपर्यंत येतो, ही नोंद आपल्या वाचकांसाठी.

सप्टेंबर 2007 मध्ये अल्बमला मर्क्युरी पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीचा ब्रिटिश पुरस्कार, मिळाला आणि गदारोळ झाला. नामांकनांच्या यादीत लंडनच्या एका गायिकेचा दुसरा अल्बम होता, जो पुढे त्या दशकाची ओळख ठरला. याच निर्मात्याचा हात लागलेला शेफील्डच्या एका बँडचा अल्बमही होता. परीक्षकांनी फॅशनला भुलून निर्णय दिला, असं म्हणणारे आजही भेटतात. आवाजाच्या ताकदीवर ती गायिका पुढे होती, हे मान्य. पण नवं काही करून पाहण्याच्या कसोटीवर निकाल तितका वेडगळ नव्हता, आणि टीका करणाऱ्यांतले बरेच जण गाण्यांवर कमी, चमकत्या कांड्यांवरच जास्त बोलत होते.

दुसऱ्या अल्बमला ऑगस्ट 2010 उजाडलं. मधल्या काळात बँडने केलेलं काम कंपनीने परत पाठवल्याच्या बातम्या आल्या. आलेला अल्बम जड, गढूळ गिटारींचा होता. तिसरा 2014 मध्ये आला. त्यात सिंथेसायझर आणि नाचाचा ठेका पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त होता, पण तेव्हा त्याला न्यू रेव्ह म्हणायला कोणी उरलं नव्हतं. 2015 मध्ये बँड थांबला. तो शब्द गाजवणाऱ्या साप्ताहिकाची छापील आवृत्ती मार्च 2018 मध्ये बंद झाली.