मुख्य अग्निशमन अधिकारी व्हायचंय? कोर्स, पात्रता आणि कागदपत्रं

वीस-वीस वर्षं आगीत शिरलेले अधिकारी बढतीच्या किंवा भरतीच्या छाननीत एका कागदासाठी अडकताना मी पाहिलेत. पद तर मोठ्या जबाबदारीचं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 खाली धोकादायक इमारत रिकामी करायला लावण्याचा अधिकार मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याला आहे. रुग्णालय असो की मंगल कार्यालय, ना हरकत दाखल्यावर त्याचीच सही लागते. त्यामुळे तिथे पात्र माणूसच बसायला हवा, आणि पात्र माणूस कागदाअभावी मागे राहायला नको.

मुख्य अग्निशमन अधिकारी होण्यासाठी राज्यभर चालेल असा एकच परवाना नाही. प्रत्येक महापालिकेचे सेवाप्रवेश नियम वेगळे असतात. तेव्हा पहिलं काम हे की आस्थापना विभागातून हे नियम मिळवा. कुणी दाद देत नसेल तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाका. नियमांत तीन गोष्टी बघा: पद बढतीने, सरळसेवेने की प्रतिनियुक्तीने भरायचं, कोणता कोर्स नावानिशी मागितलाय, आणि अनुभव नेमक्या कोणत्या पदावरचा हवा. तिसरी अट बहुतेकजण वाचतच नाहीत.

कोर्सच्या बाबतीत बहुतेक जाहिरातींत नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचं नाव येतं. ही केंद्रीय गृह मंत्रालयाची संस्था. 1956 साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आली. इथून वर जायच्या दोन वाटा आहेत. बारावीनंतर चार वर्षांची बी.ई. (फायर) ही एक, तिची पदवी नागपूर विद्यापीठाची. दुसरी नोकरीत राहून चढायची: सब ऑफिसर, मग स्टेशन ऑफिसर अँड इन्स्ट्रक्टर आणि त्यावर डिव्हिजनल ऑफिसर, असे एकावर एक कोर्स. वरिष्ठ पदांच्या जाहिरातीत साधारणपणे बी.ई. (फायर) किंवा डिव्हिजनल ऑफिसर कोर्स मागतात. काही ठिकाणी ब्रिटनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ फायर इंजिनिअर्सच्या सभासदत्वाची 'ग्रॅज्युएट' श्रेणीही चालते. तिचं वार्षिक शुल्क थकवू नका. सभासदत्व गेलं की नावापुढची अक्षरं लावता येत नाहीत, आणि छाननीच्या दिवशी चालू वर्षाची पावती मागितली तर हातात काहीच नसतं.

इथे एक गल्लत नेहमी होते. मुंबईत सांताक्रूझला राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे. तिथला सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स आणि पदवीधरांसाठीचा एक वर्षाचा उपस्थानक अधिकारी (सब ऑफिसर) कोर्स दलात शिरण्यासाठी उत्तम आहेत. पण डिव्हिजनल ऑफिसर कोर्सची जागा ते घेत नाहीत. आणि गल्लोगल्ली मिळणारा 'फायर अँड सेफ्टी'चा खासगी डिप्लोमा कारखान्यातल्या नोकरीला उपयोगी पडला तरी महापालिकेच्या वरिष्ठ पदाच्या छाननीत तो धरत नाहीत. त्यासाठी कर्ज काढणारी पोरं बघितली की जीव तुटतो.

डिव्हिजनल ऑफिसर कोर्सला आपण होऊन फॉर्म भरून जाता येत नाही. आपल्या दलाने नाव पाठवावं लागतं, म्हणजे उमेदवार स्पॉन्सर्ड हवा. खरी अडचण इथेच. नाव पाठवलं की अधिकारी काही महिने ड्युटीवर नसणार, त्याचा पगार आणि कोर्सची फी महापालिका भरणार, त्यामुळे फाइल टेबलावर पडून राहते. म्हणून कोर्सचं परिपत्रक यायची वाट न बघता आधीच लेखी अर्ज द्या. तो केंद्र अधिकाऱ्यामार्फत मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे आणि तिथून टिपणीसह आयुक्तांकडे जातो. सोबत आधीच्या कोर्सचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका, सेवापुस्तकातल्या नेमणुकीच्या पानांची प्रत, वैद्यकीय दाखला आणि विभागीय चौकशी चालू नसल्याचं पत्र जोडा. गोपनीय अहवाल कार्यालयच लावतं, पण एखाद्या वर्षाचा अहवाल लिहायचा राहिलाय का हे आपण विचारून घ्यायचं. मधलं एक वर्ष रिकामं असलं तरी फाइल परत येते. परतल्यावर ठरावीक वर्षं सेवा सोडणार नाही, असं बंधपत्रही बहुधा लिहून द्यावं लागतं.

आता अनुभवाचा दाखला. ओळखीच्या एका स्टेशन ऑफिसरचा दाखला माझ्यासमोर होता. लेटरहेड, गोल शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. मजकूर एवढाच: 'श्री. अमुक हे या कार्यालयात 2009 पासून कार्यरत असून त्यांचे काम समाधानकारक आहे.' जाहिरातीत स्टेशन ऑफिसर पदावरचा अनुभव मागितलेला. 2009 मध्ये ते सब ऑफिसर म्हणून लागले होते, बढती नंतरची. दाखल्यात पदही नाही, बढतीची तारीखही नाही. छाननीत अनुभव शून्य धरला. आगी विझवल्या होत्या, माणसं बाहेर काढली होती, त्यातलं त्या कागदावर काही नव्हतं.

दाखल्यात प्रत्येक पद स्वतंत्र ओळीत हवं: पदाचं नाव, कधीपासून कधीपर्यंत, वेतनश्रेणी, नेमणूक नियमित की तात्पुरती, आणि आदेशाचा क्रमांक व दिनांक. 'प्रभारी' म्हणून सांभाळलेलं पद असेल तर प्रभारी कार्यभाराचा आदेश सोबत लावा. तो काळ धरायचा की नाही हे नियम ठरवतील, पण आदेशच नसला तर बोलायलाही जागा उरत नाही. सही सक्षम प्राधिकाऱ्याची हवी, केंद्रातल्या वरिष्ठाची चालत नाही.

सरळसेवेच्या अर्जाला बाकीचे कागद नेहमीचेच. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, पदवी, एमएस-सीआयटी, अधिवास, राखीव जागेसाठी जातीचा दाखला, जात वैधता आणि जाहिरातीतल्या तारखेला वैध असलेलं नॉन-क्रीमीलेअर, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र नमुना-अ. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत. सेवेत असलेल्यांनी कार्यालयाचं ना हरकत पत्र अर्ज भरतानाच मागावं. निवड यादीत नाव आल्यावर ते मागायला गेलात तर दोन-तीन आठवडे सहज जातात आणि रुजू व्हायची मुदत डोक्यावर येते.

कार्यालयात जे काही द्याल त्याची दुसरी प्रत जवळ ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का मारून घ्या. नाव का पाठवलं नाही असं सहा महिन्यांनी विचारायला जाल, तेव्हा तो क्रमांकच आधी मागतात.