एक्स-रे मशीन बसलं, आता मालकाचं काम

(बडोद्यातले दवाखाने, डेंटल क्लिनिक आणि एक्स-रे सेंटर चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

मशीन बसवून निघताना आम्हाला हमखास विचारतात, "आता सगळं झालं ना?" मशीनपुरतं झालं. त्या खोलीत रोज उभं राहणाऱ्या माणसांची जबाबदारी मात्र अणुऊर्जा (किरणोत्सर्ग संरक्षण) नियम, 2004 प्रमाणे मालकावर येते. ती टेक्निशियनवर ढकलता येत नाही, आमच्यावरही नाही.

लायसन्स आणि रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरची (किरणांपासूनची सुरक्षा बघणाऱ्या माणसाची) मंजुरी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवरून घ्यायची. मशीनची क्यूए (गुणवत्ता) तपासणी दर 2 वर्षांनी, आणि मोठी दुरुस्ती झाली तर लगेच. ही कागदपत्रं सगळे सांभाळतात. घोळ होतो तो बॅजचा.

टीएलडी बॅज म्हणजे छातीवर लावायची छोटी पट्टी. आतल्या चकत्या तीन महिन्यांत पडलेल्या किरणांचा डोस साठवतात आणि लॅबमध्ये तापवल्या की तो वाचता येतो. लेड एप्रन घातलं असेल तर बॅज एप्रनच्या आत लावायचा. एका सेंटरवर आम्ही गेलो तेव्हा टेक्निशियनचा बॅज चेस्ट स्टँडशेजारच्या खिळ्याला लटकत होता. हरवू नये म्हणून, असं तो म्हणाला. पण प्रत्येक छातीच्या एक्स-रेचा डोस त्या खिळ्यावरच्या बॅजमध्ये जमा होत होता, आणि अहवाल येणार होता त्या टेक्निशियनच्या नावावर.

याहून लपलेली चूक कंट्रोल बॅजची. तो कुणी लावायचा नसतो. एक्स-रेच्या खोलीपासून लांब, रिसेप्शनच्या कपाटात वगैरे ठेवायचा. त्याच्यावर आलेलं रीडिंग बाकीच्यांच्या रीडिंगमधून वजा होतं. तो चुकून मशीनजवळ राहिला, तर सगळ्यांचा डोस खोटा कमी दिसतो. जानेवारीत उत्तरायणाच्या गडबडीत जुन्या तिमाहीचे बॅज ड्रॉवरमध्येच राहतात, तेही आठवणीने वेळेवर पाठवा.

स्टाफसाठी डोसची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. बाहेर बसलेल्या पेशंटसाठी आणि शेजाऱ्यांसाठी ती फक्त 1 आहे. म्हणून रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांत खोली बघताना आम्ही आधी खिडकी बघतो. शिसं न लावलेली खिडकी बाहेरच्या जमिनीपासून 2 मीटरच्या वर हवी. तिच्याखाली चपला काढायचा बाक असला तरी बाकावरच्या माणसाच्या डोक्यावरून किरणं जायला हवीत.

रडणाऱ्या मुलाला धरायला आयाबाईंना रोज उभं करू नका. घरचं कुणी असेल तर त्यांना एप्रन घालून धरू द्या; गरोदर बाईला मात्र नाही. अंतर हे सगळ्यात स्वस्त संरक्षण आहे: 1 मीटरवरून 3 मीटरवर गेलात की डोस नवव्या हिश्शावर येतो. आणि एप्रनची घडी घालू नका, आतलं शिसं तडकतं. हँगरवर टांगा.

नवीन टेक्निशियन ठेवताना त्याच्या आधीच्या मालकाकडून डोसच्या आणि आरोग्य तपासणीच्या नोंदी मागवून घ्या. तो सोडून जाईल तेव्हा तुमच्याकडच्या नोंदींची प्रत त्याच्या हातात द्या, आणि तो गेल्याचं मंडळाला कळवा. हे फार थोडे जण करतात, याचं आम्हाला वाईट वाटतं. वीस वर्षं किरणांत काम केलेल्या माणसाकडे स्वतःचा हिशोब असायलाच हवा.

बॅज कुठे लावायचे, कुठे ठेवायचे हे स्टाफला दाखवायला आम्ही येतो. त्याचे पैसे घेत नाही.