हंसध्वनी: तिरुवारूर ते भेंडी बाजार

राग जितका जुना तितका थोर, असं मानणाऱ्यांनी हंसध्वनी या कर्नाटक संगीतातल्या रागाकडे जरूर पाहावं. याचा कर्ता म्हणून रामस्वामी दीक्षितर (१७३५–१८१७) यांचं नाव घेतलं जातं. ते तिरुवारूरचे, म्हणजे तंजावरच्या भोसल्यांच्या मुलखातले.

सा रे ग प नी सां, आणि उतरताना तेच उलट. मध्यम आणि धैवत वर्ज्य. रे, ग, नी आपल्याकडच्या शुद्ध स्वरांसारखेच. तिकडे, कर्नाटक संगीतात, त्यांना चतुःश्रुती ऋषभ, अंतर गांधार आणि काकली निषाद म्हणतात. बहुतेक जण हा २९व्या धीरशंकराभरणम् मेळाचा (मेळ म्हणजे सात स्वरांचा मूळ साचा) जन्य, म्हणजे त्यातून निघालेला, राग मानतात. पण ६५व्या मेचकल्याणीत आणि त्यात फरक फक्त मध्यमाचा; मध्यमच नाही म्हटल्यावर तो मेचकल्याणीचाही ठरू शकतो, आणि हा वाद मिटण्यासारखा नाही.

रागाला घरोघर पोचवलं ते रामस्वामींच्या मुलाने, मुत्तुस्वामी दीक्षितरांनी (१७७५–१८३५). त्यांची ‘वातापि गणपतिं’ ही कृती हंसध्वनीतलीच. वातापी म्हणजे बदामी, दुसऱ्या पुलकेशीची राजधानी. पल्लवांच्या सेनापतीने ती जिंकून सातव्या शतकात हा गणपती दक्षिणेत नेला, असं परंपरा सांगते. पुढच्या गायकांनी पल्लवीवर, म्हणजे कृतीच्या मुखड्यावर, एकावर एक संगती (त्याच ओळीची नवनवी रूपं) चढवल्या, आणि मैफलीच्या आरंभीची ही हमखास चीज झाली.

पाच स्वर म्हणजे सोपं, असं नवख्याला वाटतं. खरी कसोटी गाळलेल्या दोन जागांची आहे. गांधारावरून थेट पंचम, पंचमावरून थेट निषाद. मधे टेकायला पायरी नाही. शंकराभरणम् घोटलेल्या गळ्याला तिथे मध्यम-धैवताची सवय असते, ती मोडावी लागते. आपल्याकडच्या गायकाची अडचण वेगळी: निषादावरून पंचमावर येताना मींडेत (स्वरावरून स्वरावर सलग घसरताना) धैवताचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, लागला, की शंकरा हा दुसरा राग डोकावतो. म्हणून मला वाटतं, हा राग आधी संथ आलापीत शिकावा. द्रुत स्वरप्रस्तारात, म्हणजे सरगमच्या जलद विस्तारात, तो लगेच खुलतो, आणि त्या झगमगाटात कच्चेपण झाकलं जातं.

हिंदुस्थानी मैफलीत तो रुजवण्याचं मोठं श्रेय मुंबईच्या भेंडी बाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांना जातं. कर्नाटक संगीताची त्यांना ओढ होती आणि सरगमवर विलक्षण हुकमत. ‘लागी लगन पति सखी संग’ ही त्यांची बंदिश आजही गायली जाते. त्यांच्या गायकीचा प्रभाव मानणाऱ्या अमीर खाँसाहेबांनीही पुढे हंसध्वनी गायला.