पाच किलोची गॅस टाकी: नाशिकमध्ये कशी घ्यायची, घरी कशी तपासायची, कुठे बदलून आणायची

गंगापूर रोडला खोली घेऊन शिकणारी मुलं, अंबड-सातपूरला कंत्राटावर लागलेले कामगार, द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला येणारी मजूर कुटुंबं, या सगळ्यांची अडचण एकच असते. चूल रोज पेटवायची आहे, पण गॅस कनेक्शनसाठी इथल्या पत्त्याचा पुरावा नाही. घरमालक भाडेकरार करून द्यायला तयार नसतो. मग कोणीतरी एक दुकान सांगतं, जिथे छोटी टाकी मिळते आणि किलोवर गॅस भरून देतात. माणसं ती घेतात, कारण दुसरा मार्ग त्यांना कोणी सांगितलेलाच नसतो.

तो मार्ग आहे, कायदेशीर आहे आणि २०१३ पासून चालू आहे. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. सरकारी तेल कंपन्या पाच किलोची टाकी खुल्या विक्रीत देतात. इंडेनची ‘छोटू’, भारत गॅसची ‘मिनी’ आणि एचपी गॅसची ‘अप्पू’ ही तिची नावं. एजन्सीत नुसती ‘छोटी टाकी’ मागितली तर कधी कधी घरगुती कनेक्शनचा फॉर्म पुढे येतो. म्हणून ‘फ्री ट्रेडची पाच किलोची टाकी’ असं स्पष्ट म्हणा.

कोणाला मिळते, काय लागतं

ओळखपत्र असलेल्या कोणाही प्रौढ माणसाला मिळते. रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, घरमालकाचं पत्र यातलं काही लागत नाही. आधी कुठे कनेक्शन आहे का, हा प्रश्नही इथे येत नाही. गावाकडे आईच्या नावावर कनेक्शन असलं तरी नाशिकमध्ये मुलाला ही टाकी घेता येते.

आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एकाची झेरॉक्स द्यायची आणि साधा फॉर्म भरायचा. झेरॉक्सवर ‘फक्त ५ किलो गॅस सिलिंडर खरेदीसाठी’ असं लिहून तारखेसह सही करा, म्हणजे तो कागद दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही. टाकी गॅस एजन्सीत मिळते, काही पेट्रोल पंपांवर मिळते आणि कंपनीने नेमलेल्या काही दुकानांतही मिळते. जाण्याआधी फोन करून भरलेली टाकी शिल्लक आहे का ते विचारा. नाशिकरोडहून पंचवटीपर्यंत हेलपाटा घालण्यापेक्षा ते बरं.

पहिल्या वेळी टाकीची किंमत आणि आतल्या गॅसची किंमत असे दोन्ही पैसे द्यावे लागतात. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी असतो. रेग्युलेटर, नळी आणि शेगडी यांचा खर्च वेगळा. या टाकीला अनुदान नाही. गॅसचा दर बाजारभावाने ठरतो आणि बदलत राहतो, त्यामुळे शेजाऱ्याने मागच्या महिन्यात दिलेल्या पैशांवर हिशेब करू नका. पावती मात्र आग्रहाने घ्या. टाकी तुमची असल्याचा तोच पुरावा आणि पुढे परत करताना तीच लागते.

चहाची टपरी, वडापावची गाडी, पोळी-भाजी केंद्र यांनाही ही टाकी वापरता येते, कारण ती घरगुती कोट्यातली नाही. घरातली १४.२ किलोची लाल टाकी गाडीवर नेणं मात्र गुन्हा आहे. सिंहस्थासाठी तपोवन आणि पंचवटीच्या बाजूला खाण्याचे स्टॉल लावायचा विचार असलेल्यांनी हा फरक आत्ताच नीट समजून घ्यावा, कारण गर्दीत एका टाकीची चूक शेकडो माणसांच्या जिवावर बेतू शकते.

नाशिकमध्ये वर्ष-दोन वर्षं राहायचं ठरलं असेल आणि पत्त्याचा काही ना काही पुरावा जमत असेल, तर माझा सल्ला वेगळा आहे. घरगुती कनेक्शनच घ्या. त्यातही पाच किलोची टाकी मिळते. जून २०२२ पासून तिची अनामत १,१५० रुपये, १४.२ किलोच्या टाकीची २,२०० आणि रेग्युलेटरची २५० रुपये आहे. ही रक्कम कनेक्शन सोडताना परत मिळते आणि घरगुती गॅसवर जीएसटी ५ टक्केच आहे. गरीब कुटुंबातल्या, घरात एकही कनेक्शन नसलेल्या प्रौढ महिलेला उज्ज्वला योजनेत अर्ज करता येतो. स्थलांतरित कुटुंबांना तिथे पत्त्यासाठी आणि कुटुंबाच्या माहितीसाठी स्वयंघोषणापत्र चालतं. द्राक्षबागांवर राबणाऱ्या कितीतरी बायकांना हे माहीतच नाही. बागाईतदारांनी आपल्याकडच्या मजुरांना एवढं जरी सांगितलं तरी बरंच काम होईल.

टाकी ताब्यात घेण्याआधी

दुकानात घाई करू नका. टाकीच्या वरच्या गोल कड्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला मोबाइलची बॅटरी मारून पाहा. एका पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले दिसतील. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर. पुढचे आकडे वर्षाचे. ‘बी’ आणि २८ लिहिलं असेल, तर त्या टाकीची पुढची चाचणी जून २०२८ पर्यंत व्हायला हवी. नव्या टाकीची पहिली चाचणी दहा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी होते. ही तारीख गॅस खराब होण्याची नसते. पत्रा, सांधे आणि व्हॉल्व्ह दाब सहन करतात की नाही, याच्या तपासणीची ती मुदत असते. तारीख उलटून गेली असेल तर टाकी घेऊ नका, दुसरी मागा. तो तुमचा हक्क आहे.

दुसऱ्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन किलोमध्ये कोरलेलं असतं. त्यात पाच मिळवा आणि टाकी तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला सांगा. वजन करून देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे, त्यामुळे त्यात संकोच कसला?

मग सील पाहा. प्लास्टिकची टोपी दोरीने कड्याला बांधलेली असावी. टोपी काढल्यावर व्हॉल्व्हच्या आत रबराचा काळा वॉशर दिसला पाहिजे. तो नसेल, चिरलेला असेल किंवा एका बाजूला सरकलेला असेल, तर रेग्युलेटर बसेल, पण कडेने गॅस गळत राहील. मी पाहिलेल्या बहुतेक गळत्या याच वॉशरच्या होत्या आणि दर वेळी घरच्यांचा संशय मात्र नळीवर होता. व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडा. बुडबुडा फुगला की टाकी तिथेच परत करा.

घरी आणल्यावर

टाकी नेहमी उभी ठेवायची आणि शेगडी तिच्यापेक्षा उंच ओट्यावर. एलपीजी हा प्रोपेन आणि ब्युटेनचा मिश्रवायू आहे आणि तो हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर उडून जात नाही, फरशीवर पसरतो आणि पलंगाखाली, मोरीत साचतो. म्हणून टाकी कपाटात कोंडू नका आणि खोलीतल्या खालच्या फटी कापड कोंबून बंद करू नका. नळी आयएसआय शिक्क्याची, तारेचं अस्तर असलेली नारिंगी घ्या आणि पाच वर्षांनी बदला. रेग्युलेटर टाकीच्या व्हॉल्व्हवर बसतो की नाही ते दुकानातच बसवून बघा. न बसणारा रेग्युलेटर कापड गुंडाळून घट्ट करणारे लोक आहेत. तसं कधीही करू नका.

नवी टाकी लावली की दर वेळी साबणाचं पाणी लावा. काड्यापेटी ओढून गळती शोधणं हा सर्वात घातक प्रकार आहे आणि अनुभवी माणसंही तो करतात. वाटीत थोडं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घ्या, फेस बोटाने व्हॉल्व्हच्या भोवती, रेग्युलेटरच्या सांध्यावर आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावा, रेग्युलेटर चालू करा आणि शेगडीची बटणं बंदच ठेवा. अर्धा मिनिट नीट बघा. फेसातून एकामागून एक बुडबुडे फुगत असतील तर रेग्युलेटर बंद करून काढा, व्हॉल्व्हवर टोपी बसवा आणि टाकी मोकळ्या हवेत न्या.

आत गॅस किती उरला? सर्वात खात्रीचा उपाय वजनाचा. प्रवासी बॅगा मोजायचा लटकता काटा घ्या, रेग्युलेटर काढा, टाकी कड्याला अडकवून उचला आणि आलेल्या वजनातून पट्टीवरचा आकडा वजा करा. समजा काट्यावर ९.६ आले आणि पट्टीवर ७.९ आहे, तर आत १.७ किलो गॅस आहे. लहान बर्नर पूर्ण चालू असेल तर तासाला साधारण सव्वाशे ते दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे १.७ किलोत अकरा ते चौदा तास निघतात. दिवसाला दीड तास शेगडी चालत असेल तर आठवडाभर तरी पुरेल. काटा नसेल तर ओल्या फडक्याने टाकी वरपासून खालपर्यंत पुसा. रिकामा भाग लवकर सुकतो आणि जिथपर्यंत द्रव गॅस आहे तिथपर्यंत ओल टिकते. ती रेघच गॅसची पातळी. टाकी हलवून, आडवी करून किंवा उलटी धरून अंदाज घेऊ नका. उलट्या टाकीतून द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये उतरतो.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा आत गॅस असूनही ज्योत मंद होते. ब्युटेन शून्याच्या आसपासच उकळतो, त्यामुळे थंडीत वाफ कमी तयार होते. अशा वेळी टाकी उकळत्या पाण्यात ठेवणं किंवा तिच्याखाली शेगडी लावणं जीवघेणं आहे. टाकी रात्री बाहेर ठेवू नका, एवढंच पुरेसं आहे.

भरायची नाही, बदलायची

टाकी संपली की ती घेऊन त्याच कंपनीच्या कोणत्याही विक्री केंद्रावर जा. रिकामी द्या, भरलेली घ्या, फक्त गॅसचे पैसे द्या. देशात कुठेही बदलून मिळते. सिन्नरला घेतलेली टाकी पुण्यात बदलता येते. दोन रिफिलमध्ये ठरावीक दिवसांचं बंधन नाही.

परदेशी व्हिडिओंत लोक प्रोपेनची टाकी घरी तपासून पंपावर भरून आणताना दिसतात आणि कळसूबाई-हरिहरच्या वाटेवर तंबू टाकणारी मुलं ते पाहून इथे तसंच करू बघतात. अमेरिकेत त्या आकाराच्या टाक्यांत जास्त गॅस शिरू न देणारा खास व्हॉल्व्ह असतो आणि भरणारा प्रशिक्षित असतो. आपल्या टाकीला तसा व्हॉल्व्ह नसतो. बॉटलिंग प्लांटमध्ये काट्यावर मोजून गॅस भरतात आणि वर मोकळी जागा ठेवतात. जीव वाचवते ती हीच मोकळी जागा. द्रव गॅस उष्णतेने पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो आणि त्याला जागा लागते. गल्लीतला माणूस मोठ्या टाकीला नळी जोडून अंदाजाने छोटी टाकी भरतो. ती तोंडापर्यंत भरली आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली, तर आतला द्रव फुगायला जागाच उरत नाही आणि टाकी फुटते. शिवाय अशा बऱ्याच टाक्या आयएसआय शिक्क्याविना पातळ पत्र्याच्या असतात आणि पट्टीवर चाचणीची तारीखच नसते.

एका टाकीतून दुसरीत गॅस उतरवायला एलपीजी पुरवठा व वितरण नियमन आदेश, २००० नुसार मनाई आहे. त्याचा भंग जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली येतो आणि त्यात तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पैशांचा मुद्दाही आहे. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी अपघात विमा काढलेला असतो. त्यात मृत्यूसाठी माणशी ६ लाख आणि उपचारांसाठी माणशी २ लाखांपर्यंत भरपाई आहे आणि ग्राहकाला हप्ता भरावा लागत नाही. गल्लीत भरलेल्या टाकीचा स्फोट झाला तर यातलं काही मिळण्याची आशा धरू नका.

असं दुकान दिसलं तर तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे करता येते. एजन्सीने वजन नाकारलं, पावती दिली नाही किंवा नको असलेली शेगडी गळ्यात मारली, तर १८००-२३३३-५५५ हा तेल कंपन्यांचा निःशुल्क क्रमांक आहे. गॅस गळत असेल तर १९०६ लावा, तो चोवीस तास चालतो. फोन मात्र घराबाहेर जाऊन करा. आत असताना दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, फक्त दारं-खिडक्या उघडा.

शिक्षण संपलं किंवा काम सुटलं आणि नाशिक सोडायची वेळ आली, तर टाकी भंगारात देऊ नका आणि खोलीत पुढच्या भाडेकरूला सोडूनही जाऊ नका. कंपनी ठरलेल्या दराने ती परत विकत घेते. दर किती हे पहिल्या खरेदीच्या वेळीच विचारून पावतीच्या मागे लिहून घ्या. टाकी परत करताना पावती आणि ओळखपत्र सोबत ठेवा. रेग्युलेटर काढून व्हॉल्व्हवर टोपी बसवा आणि टाकी रिक्षात पायाशी उभी धरून न्या. एसटीत किंवा रेल्वेत ती नेता येत नाही.